माणसं बदलापूरला, अनुदानित जागा दादरला: उच्च शिक्षण आयोगाला एक खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग (माहेड)

स. न. वि. वि.

कल्याणच्या परिसरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी गेली 24 वर्षं अर्थशास्त्र शिकवते. आज पत्र लिहायला बसण्याचं कारण असं, की विद्यापीठांचे सध्याचे बृहत् आराखडे, म्हणजे कुठे कुठली नवी महाविद्यालयं काढायची याचे आराखडे, 2029 पर्यंतचे आहेत. पुढच्या पाच वर्षांच्या आराखड्यांची तयारी फार तर 2028 मध्ये सुरू करावी लागेल. त्याच्या जरा आधी, 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून, देशाची जनगणना होते आहे, तीही तब्बल 16 वर्षांनी. ताजी मोजणी हाती येते आहे आणि लगेच नवा आराखडा करायचा आहे, असा योग पुन्हा लवकर येणार नाही. या मोजणीचं काय करायचं हे आतापासून ठरवलं नाही, तर 2029 चा आराखडाही जुन्या अंदाजांवर उभा राहील. त्याची किंमत कोण मोजतं, ते मी रोज सकाळी वर्गात बघते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी द्वितीय वर्ष वाणिज्यच्या वर्गात एक कागद फिरवला. त्यावर तीन रकाने आखले होते: कुठून येता, घरातून किती वाजता निघता, परत घरी किती वाजता पोहोचता. पटावर 118 मुलं आहेत, त्या दिवशी वर्गात 61 होती. त्यातली कल्याण शहरात राहणारी नऊ. बदलापूर-वांगणीकडची 22. टिटवाळा, खडवली, आसनगाव या बाजूची 14. नेरळ-कर्जतहून आठ, मुरबाड तालुक्यातल्या खेड्यांतून पाच, बाकी तीन इकडची तिकडची. आमचा पहिला तास 7.20 ला सुरू होतो. मुरबाडकडच्या एका मुलीने दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'पावणेपाच'. गावातून अंधारात चालत फाट्यावर यायचं, तिथून एसटी, मग दुसरी एसटी. तिला हवा असलेला विषय घराजवळ नाही, म्हणून ती आमच्याकडे येते. पहिली गाडी वेळेवर आली तरी तिला पहिला तास मिळत नाही, ती दुसऱ्या तासाला 8.10 च्या सुमारास मागच्या दाराने आत येते आणि डबा पिशवीतून काढून बाकाखाली ठेवते. वर्षाच्या शेवटी 75 टक्के हजेरी न भरलेल्यांची यादी लागली, तिच्यात तिचं नाव होतं. त्या यादीवर विषयशिक्षक म्हणून माझी सही आहे. प्राचार्यांना भेटून, अर्ज देऊन तिला परीक्षेला बसता आलं, पण ती सही मला अजून सलते.

आता लोकसंख्येच्या आकड्यांकडे येते, कारण आराखड्याची सुरुवात तिथूनच होते.

राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने 2020 मध्ये 2011 ते 2036 या काळासाठीचे अंदाज प्रसिद्ध केले. महाराष्ट्राची लोकसंख्या 2011 मध्ये 11 कोटी 24 लाख होती, ती 2036 पर्यंत साडेतेरा कोटींच्या आसपास जाईल असं त्यात धरलं आहे. हा आकडा ऐकला की सभागृहात आणि बैठकांत लगेच एक वाक्य येतं: माणसं वाढणार, तर महाविद्यालयं वाढवा. ऐकायला सरळ वाटतं, पण त्यात दोन गोष्टी राहून जातात.

पहिली म्हणजे, राज्यातली मुलं वाढत नाहीत. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची मुलं 1 कोटी 36 लाखांहून जास्त होती. 2011 मध्ये ती सुमारे साडेतीन लाखांनी कमी भरली. ती 2011 ची मुलं म्हणजे आज दहावी ते पदवी या टप्प्यावर असलेली पिढी. त्यानंतर जन्मदर आणखी उतरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी मुलं, 1.7 आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायलाही तो साधारण 2.1 लागतो. म्हणजे 2036 पर्यंत वाढणाऱ्या माणसांत साठीच्या पुढच्यांचा वाटा मोठा असेल, अठराच्या आसपासच्यांचा कमी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ते अंदाज राज्याचे आहेत, फार तर शहरी आणि ग्रामीण अशी फोड आहे. तालुक्याचा अंदाज त्यात नाही. महाविद्यालय मात्र तालुक्यात काढायचं असतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. मुंबई शहर जिल्हा 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर उतरला. आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात याच दहा वर्षांत 29 लाख माणसं वाढली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत मिळून राहतात त्याहून जास्त माणसांची ही नुसती भर. हे चारही जिल्हे एकाच मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. सरासरी काढली तर या विद्यापीठाचं क्षेत्र माफक वेगाने वाढतंय असं दिसेल. पण त्या सरासरीत ना सावंतवाडीची रिकामी बाकं दिसतात ना बदलापूरचा भरलेला फलाट.

इथे मला थोडं मागे जाऊ द्या. मुंबईत एके काळी महाविद्यालयं माणसांच्या मागून जात होती. माटुंग्याला रुईया महाविद्यालय 1937 मध्ये निघालं तेव्हा दादर-माटुंगा ही शहराची नवी वस्ती होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभं राहिलं आणि तिथे 1965 मध्ये चांदीबाई महाविद्यालय सुरू झालं. कल्याणला बिर्ला महाविद्यालय 1972 चं, मुलुंडला वझे महाविद्यालय 1984 चं. वस्ती पुढे सरकली की दहा-पंधरा वर्षांत तिच्यामागे एखादी शिक्षणसंस्था जायची, शासन अनुदान द्यायचं, शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून व्हायचे आणि कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या, भाजीवाल्याच्या मुलाला परवडेल अशा फीमध्ये पदवी मिळायची. माझ्या पिढीतले कितीतरी प्राध्यापक, बँकेतले अधिकारी, वकील या वाटेने आले. मीही त्याच वाटेने आले.

2001 पासून ही वाट बंद झाली. तेव्हापासून, अगदी मोजके अपवाद सोडले तर, राज्यात नवी महाविद्यालयं कायम विनाअनुदानित तत्त्वावरच मंजूर होतात. अनुदानाचा नकाशा त्या वर्षी गोठला. आणि माणसांची खरी हालचाल त्यानंतर झाली! कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 मध्ये 98 हजार होती, 2011 मध्ये 1 लाख 74 हजार झाली. त्यानंतर किती झाली ते जनगणना सांगेल, पण संध्याकाळी बदलापूर स्थानकाच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहिलं तरी अंदाज येतो. 98 हजारांच्या गावाला अनुदानित जागांचा जो काही आधार होता, जवळपास तेवढ्याच आधारावर आजचं शहर चाललंय. वांगणी, टिटवाळा, आसनगाव, तिकडे भाईंदरच्या पुढे नायगाव, विरार, सफाळे, सगळीकडे तीच गोष्ट. ज्यांना मुंबईत घर परवडलं नाही ते लोक या गावांत गेले, आणि ज्यांना घर परवडलं नाही त्यांच्याच मुलांना आपण सांगतो, की तुमच्या गावातलं नवं महाविद्यालय पूर्ण फीचं आहे, नाहीतर गाडी पकडा.

माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांनी 2012 मध्ये लालबागची खोली विकून बदलापूरला वन बीएचके घेतला. पुढे आठवीत असताना मुलगा एकदा त्या जुन्या चाळीवरून गेला होता. त्या चाळीपासून अनुदानित महाविद्यालय चालत वीस मिनिटांवर आहे. आता ते साठेक किलोमीटर लांब पडलं. बदलापूरजवळच्या विनाअनुदानित महाविद्यालयाची फी भरायला वडिलांचा पगार पुरला नाही, दादरकडचा रोजचा प्रवास झेपेना, म्हणून अधल्यामधल्या आमच्याकडे प्रवेश घेतला. हा मुलगा माझ्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलांपैकी एक आहे. दुपारी तो औषधाच्या दुकानात काम करतो. ग्रंथालयात बसायला त्याच्याकडे दिवसातली 40 मिनिटं असतात, तीही दोन गाड्यांच्या मधली.

आणि त्या गाड्या! 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि जिवाला मुकली. त्या दिवशी मी वर्गात शिरल्यावर आधी पट उघडला नाही, आधी कोण कोण पोहोचलं ते पाहिलं. कल्याण ते बदलापूर तिसरी आणि चौथी मार्गिका 2019 मध्ये मंजूर झालेल्या मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाच्या 3ए टप्प्यात (एमयूटीपी 3ए) आहे, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्थानकाचं कामही काढलेलं आहे. ही कामं व्हायलाच हवीत. पण या मार्गिका आखताना बदलापूरहून रोज किती विद्यार्थी निघतात, कुठे उतरतात, ही माहिती विद्यापीठाने रेल्वेला कधी दिली असेल असं मला वाटत नाही. विद्यापीठाकडेच ती एकत्र केलेली नाही, तर देणार कुठून? आणि रेल्वेचा प्रश्न रेल्वेवाले बघतील असं म्हणून आपण बाजूला होतो, तेव्हा एक साधी गोष्ट विसरतो. बदलापुरात हजार अनुदानित जागा निर्माण झाल्या तर सकाळच्या गाडीतली हजार मुलं कमी होतात. वर्गखोली हीसुद्धा वाहतुकीची सोय आहे.

पाण्याचंही असंच आहे. अंबरनाथ-बदलापूर भागात टँकर मागवणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि आपण तिथे वसतिगृह बांधायचं म्हटलं तर पहिला प्रश्न पाण्याच्या जोडणीचाच येणार. हा फक्त आमच्या भागाचा प्रश्न नाही. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये दहा लाख होती, 2011 मध्ये सतरा लाखांच्या पुढे गेली, आणि नोव्हेंबर 2019 पासून त्या शहरात दिवसाआड पाणी येतं. महाविद्यालयाच्या संलग्नतेच्या तपासणीत खोल्या मोजतात, पुस्तकं मोजतात, स्वच्छतागृहं मोजतात. पाणी किती तास येतं आणि शेवटची एसटी किती वाजता सुटते हे विचारलेलं मी माझ्या नोकरीत एकदाही ऐकलेलं नाही, आणि अशा तीन तपासण्यांच्या तयारीत मी स्वतः होते.

एसटीवरून मुलींचं आठवलं. राज्याने जुलै 2024 मध्ये मोठा निर्णय घेतला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण याच राज्यात अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास मुलीला बारावीपर्यंतच मिळतो. बारावी झाली, महाविद्यालय गावापासून आणखी लांब गेलं, आणि नेमका तेव्हाच मोफत पास संपतो. पुढे सवलत आहे, मला माहीत आहे. पण ज्या घरात दोन मुलींचा खर्च एका मजुरीतून निघतो, तिथे सवलत आणि मोफत यांत मुलीचं शिक्षण थांबण्याइतकं अंतर असतं. आणि पास असूनही गाडी नसेल तर काय? मुरबाडकडच्या त्या मुलीच्या आईशी मी फोनवर बोलले आहे. फीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, संध्याकाळची गाडी चुकली तर ती रात्री राहणार कुठं?" मी काय सांगणार होते? वसतिगृहासाठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते, दोन्हीकडे यादीत नाव आलं नाही. त्यानंतर पावसात जेव्हा जेव्हा गाड्या रखडल्या, तेव्हा ती वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी, आठ जणांच्या खोलीत राहिली.

आता उद्दिष्टांचं बघा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2035 पर्यंत उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणी प्रमाण, म्हणजे 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत शिकणाऱ्यांचं प्रमाण, 50 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाच्या 2021-22 च्या अहवालात महाराष्ट्राचं हे प्रमाण 35.3 होतं, देशाचं 28.4. आपण देशाच्या पुढे आहोत ही चांगली गोष्ट. पण पस्तिसाचे पन्नास करायचे म्हणजे आज जिथे सात मुलं बसतात तिथे दहा बसवायची, अठरा ते तेवीस वयाची मुलं आहेत तेवढीच राहिली असं धरून. ती थोडी कमी झाली तरी जागा वाढवाव्या लागणारच. शिवाय संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीचा नवा अभ्यासक्रम 2024-25 पासून सुरू झाला, त्याचं चौथं वर्ष 2027-28 मध्ये येतं. तीन वर्षांच्या पदवीसाठी बांधलेल्या इमारतीत चौथ्या वर्षाची मुलं कुठे बसवायची, त्यांना शिकवायला पूर्णवेळ शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न आमच्या प्रत्येक बैठकीत निघतो आणि 'बघू' म्हणून पुढे ढकलला जातो. आमच्या विभागात आज मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधनावरचे, दोन तरुण शिक्षक ती जागा भरून काढतात. त्यातला एक सकाळी आमच्याकडे, दुपारी उल्हासनगरला आणि संध्याकाळी शिकवणीत शिकवतो. त्याच्याकडून संशोधनाची अपेक्षा करायला माझी जीभ रेटत नाही.

वाढ म्हटली की नवी विद्यापीठं, नवे टॉवर, नव्या इमारती डोळ्यांपुढे येतात. आठशेहून अधिक महाविद्यालयं एका विद्यापीठाने सांभाळायची म्हणजे काय होतं ते 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रखडलेल्या निकालांनी सगळ्या राज्याला दाखवलं, तेव्हा विद्यापीठाचा भार हलका व्हायला हवा हे मलाही पटतं. सोलापूर जिल्ह्यासाठी 2004 मध्ये, चंद्रपूर-गडचिरोलीसाठी 2011 मध्ये वेगळी विद्यापीठं झाली, त्याने तिथल्या मुलांचे हेलपाटे वाचले. ठाणे, कल्याण, रत्नागिरीला मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं आहेत, त्यांना जास्त अधिकार दिले तर गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला कर्जतच्या मुलाला कलिन्याच्या विद्यापीठ संकुलात जावं लागणार नाही. पण बदलापूरच्या मुलाचा प्रश्न परवडणाऱ्या फीमधल्या, जवळच्या जागेचा आहे. विद्यापीठाची पाटी बदलून तो सुटत नाही.

आपण म्हणाल, अनुदान परत सुरू करायला पैसे कुठे आहेत. हा प्रश्न गंभीर आहे, मी अर्थशास्त्राची शिक्षक आहे, तो हसण्यावारी नेणार नाही. पण जन्मदराच्या ज्या आकड्यांबद्दल वर लिहिलं, त्यांत या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. 18 ते 23 वयाच्या मुलांची ही गर्दी कायमची नाही. आजची पहिली-दुसरीतली मुलं त्या वयात येतील तेव्हा त्यांची संख्या आजच्याहून कमी असेल. म्हणून मी शंभर वर्षं टिकणाऱ्या इमारती मागत नाही. पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीचं, विद्यार्थिसंख्येला बांधलेलं अनुदान द्या. नवी इमारत नको असेल तर नगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांचा पट उतरला आहे, त्यांच्या खोल्या दुपारनंतर महाविद्यालयाला द्या. पगारी शिक्षक द्या, ग्रंथालय द्या, बाकं जुनी चालतील. पुढे पट उतरला तर तेच शिक्षक दुसऱ्या तालुक्यात बदलीने जातील. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत अनुदानित प्राध्यापकाची बदली आज किती अवघड आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तो नियम बदलायला तिजोरीतून फार काही जात नाही.

कोकणाचं मात्र वेगळं मोजा, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथल्या महाविद्यालयांत पट कमी आहे म्हणून तुकड्या बंद करण्याची भाषा होते. वांगणीतली तुकडी बंद झाली तर मुलगा पुढच्या स्थानकावर उतरेल. संगमेश्वरच्या आतल्या गावातली मुलगी शाखा बंद झाली तर घरी बसेल, किंवा मामाकडे मुंबईला येईल, आणि मग तीही याच लोकलच्या डब्यात उभी असेल. कोकणातली तुकडी चालू ठेवणं हा बदलापूरच्या गर्दीवरचाच एक उपाय आहे, इतक्या या दोन गोष्टी जवळच्या आहेत. डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या तालुक्यांना किमान पटाची अट वेगळी असावी, आणि ती लोकांच्या डोक्यांवर न ठरवता पुढच्या महाविद्यालयाच्या अंतरावर ठरवावी. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ 'विद्यापीठ आपल्या गावात' म्हणत गावात वर्ग नेतं. संस्था माणसांपर्यंत नेण्याचा तो प्रयत्न आहे, आणि त्यात सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखं आहे.

मग आयोगाकडे मागायचं काय, ते स्पष्ट लिहिते. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने बृहत् आराखडा विद्यापीठाने करायचा आणि त्याची दिशा आयोगाने ठरवायची अशी रचना आहे. आज या आराखड्यात स्थळबिंदू, म्हणजे नवं महाविद्यालय हवं अशा जागा, दाखवले जातात, संस्थांकडून प्रस्ताव येतात, इरादापत्रं, म्हणजे प्राथमिक परवानग्या, निघतात. पण प्रस्ताव येतो तो ज्याच्याकडे जमीन आहे आणि जिथे फी भरणारे पालक आहेत तिथून. ज्या बिंदूवर मुलं आहेत पण पैसे नाहीत, तो बिंदू आराखड्यात पाच-पाच वर्षं रिकामा राहतो, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. तसा बिंदू दोन वर्षं रिकामा राहिला, तर तिथे शासनाने स्वतः महाविद्यालय काढावं किंवा अनुदान देऊन काढायला लावावं, एवढी अट आयोगाने आराखड्यात घालावी.

आणि तो बिंदू ठरवायला जनगणनेच्या तक्त्यांची वाट बघायचीही गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रवेश अर्जावर घरचा पत्ता आणि पिनकोड असतो. तो प्रत्येक विद्यापीठाच्या संगणकात आहे. महाविद्यालयाचा पिनकोडही आहे. या दोन पिनकोडांमधली रेघ काढली की मुलं रोज कुठून कुठे जातात त्याचा नकाशा एका महिन्यात तयार होईल, यासाठी ना निविदा लागते ना सल्लागार. 2011 च्या जनगणनेत कामावर जाणाऱ्यांना घरापासूनचं अंतर आणि वाहन विचारलं होतं. शिकायला जाणाऱ्यांचं अंतर आपण आपल्या कपाटातूनच काढू शकतो. तो नकाशा एसटी महामंडळाच्या विभाग नियंत्रकांपुढे, रेल्वेपुढे, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणापुढे आणि नगरपालिकांच्या पाणीपुरवठा अभियंत्यांपुढे एकाच बैठकीत ठेवा. आपल्या आयोगाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री असतात. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार राज्यात दुसऱ्या कुठल्याच शैक्षणिक संस्थेकडे नाही. 2027 ची मोजणी आली की तिच्यातले स्थलांतराचे तक्ते या नकाशाशी ताडून बघा आणि मग 2029 चा आराखडा लिहा.

तोपर्यंतही काही गोष्टी याच वर्षी होऊ शकतात. मुलींचा मोफत पास बारावीवरून पदवीपर्यंत न्या. गाडीने येणारी मुलं निम्म्याहून जास्त आहेत अशा महाविद्यालयांना पहिला तास 8.30 नंतर घ्यायची मोकळीक द्या आणि त्यासाठी कार्यभाराच्या नियमात बदल करा. कल्याण परिसरात मुलींचं एक वसतिगृह भाड्याच्या इमारतीत का होईना पण सुरू करा, ज्यात एखाद्या रात्रीपुरतीही खाट मिळेल.

माझ्या वर्गातला तो कागद या पत्रासोबत जोडते आहे. मुलांची नावं काढली आहेत, गावांची ठेवली आहेत. परतीच्या रकान्यात दोघांनी वेळ लिहिलेली नाही, 'गाडीवर आहे' असं लिहिलंय. आयोगाच्या एखाद्या सदस्याला हे प्रत्यक्ष बघावंसं वाटलं तर सोमवार ते शनिवार कुठल्याही दिवशी सकाळी सव्वासातला यावं. मी फाटकापाशी उभी असेन, आपण मिळून 8.10 पर्यंत थांबू.

कळावे,

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका
कल्याण, जि. ठाणे